फ्लीटमास्टरची डावी जागा

आमच्या घरी मोटार होती असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच बंगला, माळी आणि साखळीला बांधलेला अल्सेशियन उभा राहतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. लक्ष्मीबाई नगरमधलं सरकारी क्वार्टर होतं, दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात कधीही नीट न पिकणाऱ्या पेरूंचं एक झाड. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. गाडी आली ती त्यांच्या मामांमुळे. मामा करोल बागेत डॉक्टर होते. दवाखाना बंद करून ते पुण्याला निघाले तेव्हा ती अवजड गाडी तिकडे नेण्यापेक्षा भाच्याच्या गळ्यात घालणं त्यांना सोपं वाटलं. दारात हत्ती आला, आता चाऱ्याचं बघा, असं आई तेव्हा म्हणाली आणि पुढे जेव्हा जेव्हा पेट्रोल भरायची वेळ आली तेव्हा तेव्हा म्हणत राहिली. म्हणून हत्ती फक्त रविवारी बाहेर पडायचा. सकाळी आम्ही काश्मिरी गेटजवळच्या चर्चला उपासनेला जायचो, येताना कधी इंडिया गेटवर शेंगा खायचो, आणि सोमवार ते शनिवार गाडी कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून झोपायची.

ती फ्लीटमास्टर होती, स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेल्या अमेरिकन गाड्यांपैकी. काळी, गोलगोल, पाठीला बाक आलेली. समोरची काच दोन तुकड्यांची आणि मधोमध एक दांडी. खिडक्या लहान, बाकं उंच, आत बसलं की पेटीत बसल्यासारखं वाटे आणि जुन्या कातड्याचा, पेट्रोलचा आणि मामांच्या दवाखान्यातल्या स्पिरिटचा मिळून एक वास येई. स्टार्टर पायानं दाबायचा. थंडीत तो दाबला की गाडी आधी खोकायची, मग कुरकुरायची, मग सगळ्या ब्लॉकला जाग येईल अशा आवाजात सुरू व्हायची. समोरच्या क्वार्टरमधल्या कपूर आंटी तेवढ्यात गॅलरीत येऊन म्हणायच्या, ‘‘चलो, चर्च का टाइम हो गया.’’ बाबा हात वर करून त्यांना अभिवादन करत. मला वाटतं त्या हात वर करण्यासाठीच पुढे पुढे ते गाडी काढत होते. पण ते नंतर.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना बाबा जिन्यावर दोनदा अडखळले. एकदा ऑफिसच्या दारात कुणावर तरी आदळले आणि ‘‘कुठे बघून चालता’’ म्हणून त्यालाच रागावले. शाळेला सुट्टी होती म्हणून दर्यागंजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. डॉक्टर सभ्य आणि थंड होते. त्यांनी बाबांना एका टिंबाकडे बघायला लावलं आणि बाजूनं एक पांढरी काडी आत आणत विचारलं, दिखा? बाबा नाही म्हणाले. काडी आणखी आत आली. मला ती केव्हाची दिसत होती. बाबा नाहीच म्हणत होते. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्या आहेत, गेलेलं येणार नाही, मधलं शाबूत आहे ते थेंब घालून राखायचं. शेवटी उठता उठता म्हणाले, गाडी चालवत असाल तर आजपासून बंद.

बाहेर येऊन बाबांनी मला कुल्फी घेऊन दिली. स्वतः घेतली नाही. म्हणाले, ‘‘करुणा, आईला यातलं काही बोलायचं नाही.’’ मी का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी एकच शब्द सांगितला, क्वार्टर. सरकारी वसाहतीत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. डोळे गेले हे ऑफिसला कळलं की मेडिकल बोर्ड, बोर्डानं अपात्र ठरवलं की नोकरी गेली, आणि नोकरीच्या मागोमाग घर. आमच्याच ब्लॉकमधल्या एका बंगाली कुटुंबाचं सामान असंच एका दुपारी हातगाडीवर चढताना आम्ही बघितलं होतं. त्यांच्या मुलीची सतार सगळ्यात वर बांधली होती आणि ती गाडीवर हलत होती. कितीतरी दिवस मला झोपताना ती सतार दिसे.

मला वाटलं होतं की बाबा आता गाडी विकतील. झालं उलटंच. तोवर ते एखादा रविवार गाळत, बसनं जाऊ म्हणत. आता एकही रविवार चुकेना. त्यांचा हिशेब सरळ होता. जो माणूस दर रविवारी भर वस्तीतून एवढं धूड चालवत नेतो त्याच्या डोळ्यांवर कोण संशय घेईल? कपूर आंटी बघत होत्या, कॉलनी बघत होती, ऑफिसातले दोघेतिघे त्याच ब्लॉकमध्ये राहत होते, तेही बघत होते. कागद वाचायला डोळ्यांचा मधला भाग पुरत होता, त्यामुळे ऑफिसात निभावून जाई. रस्त्यावर मात्र समोरचं तेवढं दिसे, बाजूचं नाही. बाजूसाठी मी होते.

मी त्यांच्या डावीकडे बसायची. यासाठी आईला पुढच्या जागेवरून उठवणं भाग होतं, म्हणून मी एक खोटं रचलं की मागे बसलं की मला मळमळतं. आई मागे जाऊन बसली आणि तिची ती जागा झाली. आमची खूण ठरलेली होती. माझ्या बाजूनं काही आलं, सायकल, टांगा, गाय, तर मी बाबांच्या कोपराला बोट लावायचं. त्यांच्या बाजूनं आलं तर बाही ओढायची. तोंडानं अक्षर काढायचं नाही. बाबा गंमतीनं मला त्यांचा कंडक्टर म्हणत. त्यांना गंमत सुचत होती, मला नाही. दिल्ली दरवाज्याच्या पुढे टांगे, हातगाड्या आणि बुरखेवाल्या बायका चारी बाजूंनी सुटत, आणि मी मान न हलवता डोळे गरागरा फिरवत बसे. मागे आई हलक्या आवाजात उपासनेतलं गीत गुणगुणत असे. चर्चमध्ये पोचलो की माझे गुडघे लटपटत आणि पाळकसाहेब म्हणत, मुलीची प्रार्थनेची ओढ बघा, आल्या आल्या गुडघे टेकते.

थेंबांची बाटली बाबांनी गाडीतल्या डॅशबोर्डच्या कप्प्यात लपवली होती. सकाळ-संध्याकाळ ते फडकं घेऊन ‘‘गाडी पुसून येतो’’ म्हणून बाहेर जात आणि गाडीचं दार लावून थेंब घालून येत. आई म्हणे, ‘‘एवढी पुसू नका, रंग जाईल.’’ उन्हाळ्यात गाडी तापून भट्टी व्हायची, पण बाटलीभोवती एक ओलं फडकं गुंडाळलेलं असे, म्हणजे औषध खराब होऊ नये. बाबा किती नेटके आहेत असं मला ते बघून वाटायचं.

मध्यंतरी मी हे सगळं नातीला सांगत होते. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत खाली कुणाची तरी नवी गाडी उभी आहे, ती मागे घेताना आपणच टूंटूं वाजून सांगते की मागे भिंत आहे. तन्वीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आजी, काचबिंदू मतलब ग्लुकोमा ना?’’ हो म्हटलं. हा आजार घराण्यातून येतो, म्हणून मी दर वर्षी तपासणीच्या यंत्रापुढे तशाच एका टिंबाकडे बघत बसते आणि बाजूला उजेड दिसला की बटण दाबते. अजून तरी सगळे उजेड दिसतात. पण मी प्रत्येक उजेडाला बटण दोनदा दाबते, आणि तिथली मुलगी म्हणते, रिलॅक्स आंटी.

आता वसंतकाकांबद्दल. ते बाबांचे गावाकडचे, नगरच्या शाळेतले मित्र, कॅनॉट प्लेसमध्ये त्यांचं टाइपरायटरचं दुकान होतं. आवाज मोठा, हसणं मोठं, आणि आता गाडीही मोठी घेतली होती. कुठल्याशा वकिलातीनं वापरून काढून टाकलेली इम्पाला. काकांना स्वतःला गाडी येत नव्हती, ड्रायव्हर ठेवला होता. पहिल्यांदा ती आमच्या ब्लॉकसमोर येऊन उभी राहिली तेव्हा क्रिकेट थांबलं. फिकट आकाशी रंग, लांबी इतकी की पुढचं टोक आमच्या दारात आणि मागचं कपूर आंटींच्या. मागे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, पंखांखाली मांजराच्या डोळ्यांसारखे लाल दिवे. कडुलिंबाखालची आमची फ्लीटमास्टर तिच्यापुढे एखाद्या लग्नात न बोलावता आलेल्या आत्याबाईसारखी दिसत होती. दोघी एकाच कंपनीच्या, मध्ये जेमतेम बारा-तेरा वर्षांचं अंतर, पण तेवढ्यात अमेरिकेत काय झालं होतं देव जाणे. आमच्या गाडीला पुढचं बघायचं माहीत होतं, तेही दांडीच्या अलीकडून आणि पलीकडून. इम्पालाची काच अखंड होती आणि दोन्हीकडे वळून पार दारापर्यंत गेली होती. आत बसलं की रस्ता, झाडं, आभाळ सगळं अंगावर येई. ‘‘बघ दानू,’’ काका बाबांना म्हणाले, ‘‘पॅनोरमा आहे, पॅनोरमा. तुझ्या डब्यातून काय दिसतं यार?’’ बाबा म्हणाले, ‘‘बिल्कुल खरंय.’’ मी त्यांच्याकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते.

आणि एक गोष्ट होती, जी मला दार उघडल्याबरोबर दिसली आणि जिच्यामुळे मी गार झाले. स्टिअरिंग डावीकडे होतं.

त्या जानेवारीत वसंतकाकांची आई, आक्का, नगरहून दिल्लीला आल्या. आक्कांविषयी आमच्या घरात देवाखालोखाल आदरानं बोललं जाई. बाबांचे वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. ज्या काळात आमच्या हातचं पाणी लोकांना चालत नसे त्या काळात या बाईनं आपल्या स्वयंपाकघरात वसंताच्या शेजारी दानूचा पाट मांडला. शेजारपाजारचे काय बोलतात ते ऐकून घेतलं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाट मांडला. त्या आक्का आमच्या बैठकीत सतरंजीवर बसून म्हणाल्या, ‘‘दानू, वशाचा ड्रायव्हर शनिवारी गावी चाललाय भावाच्या लग्नाला. मला ते ओखल्याचं धरण बघायचंय, यमुनामाईचं. तू नेशील ना रे?’’ काका म्हणाले, ‘‘दिल्लीत तुझ्यासारखा हात नाही, दानू. संडेला सगळे जाऊ. ड्रायव्हर जाताना इम्पाला इथे ठेवून जाईल.’’ भिडेला बळी पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर बघितलं. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. ‘‘नेईन की, आक्का,’’ ते म्हणाले. आई चहाचे कप उचलत होती. तिनं बाबांचा भरलेला कपही उचलून नेला.

शनिवारी दुपारी आई भाजी आणायला आयएनए मार्केटला गेली तेव्हा बाबांनी मागच्या अंगणात दोन पाट मांडले. डाव्या पाटावर ते बसले, उजव्या पाटावर मी. परातीवरचं झाकण त्यांनी स्टिअरिंग म्हणून हातात घेतलं. ‘‘हे बघ,’’ ते म्हणाले, ‘‘खूण तीच. तुझी बाजू म्हणजे कोपर, माझी बाजू म्हणजे बाही. फक्त तुझी बाजू आता उजवी आणि माझी डावी. हो की नाही?’’ मी कोपराला बोट लावलं, त्यांनी झाकण डावीकडे वळवलं, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला चुकवलं. बाही ओढली, उजवीकडे वळवलं. पुन्हा कोपर, पुन्हा बाही. एकदाही चुकले नाहीत. पेरूच्या झाडावर एक पोपट बसला होता, तोही बघत होता. ‘‘पास?’’ बाबांनी विचारलं. मी पास म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते कशाचं ते सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बाबा, तुम्हाला ताप आलाय असं सांगू या ना.’’ ते झाकण परातीवर ठेवत म्हणाले, ‘‘या रविवारी ताप. पुढच्या रविवारी?’’

रविवारी आक्का पहाटेच उठून कामाला लागल्या असाव्यात, कारण काकांच्या टॅक्सीतून त्या उतरल्या त्या बाजरीच्या भाकऱ्यांची चळत, वांग्याचं भरीत आणि खर्डा घेऊनच. आईनं नाताळच्या राहिलेल्या करंज्या डब्यात भरल्या. पाळकसाहेबांना आज येत नाही असा निरोप गेला होता. धुकं निवळून छान ऊन पडलं होतं, एरवी मी अशा उन्हात नाचले असते. काका पुढच्या दाराशी उभे राहून म्हणाले, ‘‘करुणा, तू मागे आक्काजवळ बस. पुढे आम्ही दोघं दोस्त.’’ मी नेहमीचं मळमळण्याचं सांगितलं. ‘‘अगं, ही इम्पाला आहे. पोटातलं पाणी हलायचं नाही.’’ मी बाबांकडे बघितलं, बाबा माझ्याकडे बघत नव्हते. तेवढ्यात मागून आई म्हणाली, ‘‘बसू द्या तिला पुढे मध्ये, भावजी. खरंच ओकते ती. मागच्या महिन्यात माझी साडी खराब केली.’’ मी आयुष्यात आईच्या साडीवर ओकले नव्हते. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी पटकन मधे सरकले, उजवीकडच्या खिडकीशी काका बसले, आणि आई आक्कांसोबत मागे.

इम्पाला सुरू झाल्याचं कळलंच नाही. खोकली नाही, कुरकुरली नाही. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, बाबांच्या एका पायाला कामच नव्हतं आणि तो पाय उगाच हलत होता. कपूर आंटी गॅलरीत आल्या, बाबांनी हात वर केला. फ्लीटमास्टर प्रत्येक खड्डा आपल्याला सांगायची, खालचा रस्ता पाठीच्या मणक्यातून कळायचा. ही गाडी काहीच सांगत नव्हती. तरंगत चालली होती. सफदरजंग विमानतळापासून रिंग रोडला लागलो तसं मला बरं वाटू लागलं. एक बस उजवीकडून पुढे गेली, मी कोपराला बोट लावलं, बाबा अलगद डावीकडे झाले. एक म्हैस डावीकडून, मी बाही ओढली, तेही जमलं. काका दर दोन मिनिटांनी काचेवर टिचकी मारून पॅनोरमा दाखवत होते. मागे आक्का नगरच्या चिंचेच्या झाडाची गोष्ट सांगत होत्या. आई गुणगुणत नव्हती. हेही मला नंतर आठवलं.

आश्रम चौकाच्या पुढे रस्ता निमुळता झाला आणि कालव्याच्या कडेनं जाऊ लागला. गर्दी नव्हती. गर्दी नव्हती म्हणूनच बहुतेक बाबा सैलावले. डोकं नव्या गाडीत होतं, हात मात्र तीन वर्षं त्याच जुन्या गाडीत बसलेले. उजवीकडच्या पायवाटेवरून एक दूधवाला सायकलीला दोन्हीकडे किटल्या लावून उतारावरून खाली येत होता. मला तो दिसला. मी बाबांच्या कोपराला बोट लावलं, नेहमीसारखं, शांतपणे. आणि बाबांनी नेहमीसारखं शांतपणे स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. कोपर म्हणजे डावीकडून काहीतरी येतंय, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. झाकण घेऊन केलेली एका दुपारची तालीम त्यापुढे काय पुरणार. गाडी सरळ त्या दूधवाल्यावर निघाली.

मी बाबा म्हणून ओरडले असेन. पण माझ्या आवाजाच्या वर मागून आईचा आवाज आला, ‘‘अहो, उजवीकडे आहे तो, उजवीकडे.’’ आई कधी आवाज चढवत नसे, त्या आवाजानंच बाबांचा पाय ब्रेकवर गेला असावा. गाडी घसरत रस्ता ओलांडून पलीकडच्या मऊ मातीत शिरली आणि नाक खाली घालून थांबली. सायकल बंपरखाली होती. किटल्या गडगडत कालव्याकडे गेल्या, आणि दूध रस्त्यावर पसरत पसरत आमच्या चाकांपर्यंत आलं. दूधवाला कुठे आहे ते काही क्षण कळेना. मग तो गवतातून उठला. नडगी खरचटली होती, पगडी हातात होती. जिवंत होता. मी तो मोजून घ्यावा तसा डोळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासला.

सगळ्यांत आधी काका बोलले. मित्राला सावरून घ्यायचा त्यांचा स्वभावच होता. ‘‘अरे काही नाही, काही नाही. लेफ्ट हँड ड्राइव्ह आहे ना, सवय नाही त्याला. कुणाचंही होईल. माझ्या ड्रायव्हरनं पहिल्या दिवशी पेट्रोल पंप ठोकला होता.’’ म्हणजे सुटका आयती समोर आली होती. दोष गाडीचा, बाबांचा नाही. नुसतं हो म्हणायचं होतं, की रविवार पुन्हा रविवारसारखे, कपूर आंटी गॅलरीत आणि क्वार्टर जागच्या जागी. बाबा दार उघडून खाली उतरले होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, बाबा, हो म्हणा. ते मी इतक्या जोरात म्हणत होते की आजही त्या शब्दांचा आवाज मला आठवतो, जरी तोंडातून एकही निघाला नव्हता.

दूधवाला लंगडत पुढे आला. चिडला नव्हता, चक्रावला होता. ‘‘साहब, मैं तो सामने ही था. आपको दिखा नहीं?’’

बाबा दुधात उभे होते. बूट भिजले होते. त्यांनी मान वळवून त्याला नीट समोर आणलं आणि म्हणाले, ‘‘नहीं दिखा, भाई. मुझे बाजू का कुछ नहीं दिखता. तीन साल हो गए.’’

घरात जे मराठीत एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं ते त्यांनी एका अनोळखी माणसाला हिंदीत सांगून टाकलं. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. काका ‘‘काय बोलतोयस तू’’ म्हणाले आणि एकदम त्यांचं मोठेपण उतरलं, ते दूधवाल्याच्या किटल्या गोळा करायला कालव्याकडे गेले. त्याची भरपाईही त्यांनीच केली, बाबांना बोलू दिलं नाही.

आक्का सावकाश उतरल्या. त्यांनी बाबांसमोर उकिडवं बसून त्यांच्या तोंडापुढे स्वतःचं तोंड आणलं. ‘‘माझ्या नाकाकडे बघ,’’ म्हणाल्या आणि आपला हात बाजूनं हळूहळू आत आणू लागल्या, अगदी त्या दर्यागंजच्या डॉक्टरांसारखा, फक्त काडीऐवजी हिरव्या बांगड्यांचा हात. ‘‘दिसला? आता? आता दिसला?’’ हात जवळजवळ गालाला लागला तेव्हा बाबा म्हणाले, दिसला. आक्कांनी तोच हात त्यांच्या गालावर ठेवला. ‘‘आणि मी बया तुला धरण दाखव म्हणून बसले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाही म्हणायचंस की रे. माझ्या भाकरीचं एवढं ओझं घेऊन फिरतोस होय?’’ बाबा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं आणि दुसरीकडे बघावं हे मला सुचलं नाही.

आई खाली बसली. तिनं पदरानं बाबांचे बूट पुसले. ते बघून बाबांनाच राहवेना. ‘‘तुला सांगायला हवं होतं,’’ ते म्हणाले. आई म्हणाली, ‘‘मला काय सांगताय? तीन वर्षं मी मागे बसते ते काय डुलक्या काढायला? हिचा हात तुमच्या कोपरावर गेला की मी गाणं थांबवून श्वास धरायची.’’ बाबांनी विचारलं, ‘‘थेंबांचं पण ठाऊक होतं?’’ आणि मग एकदम माझ्याकडे वळून, ‘‘उन्हाळ्यात बाटलीला ओलं फडकं तूच गुंडाळायचीस ना?’’ मी म्हटलं, ‘‘मी नाही. मला वाटायचं तुम्ही.’’ आम्ही दोघंही आईकडे बघायला लागलो. ती बूट पुसत राहिली. ‘‘दोन फडकी होती,’’ ती म्हणाली. ‘‘एक वाळत घालायचं, एक गुंडाळायचं.’’

धरण काही बघून झालं नाही. तिथेच कालव्याच्या काठावर बसून भाकरी-भरीत खाल्लं, दूधवाल्यालाही वाढलं, आक्का ऐकतात थोड्याच. ढाब्यावर चहा पीत बसलेल्या एका ट्रकवाल्या सरदारजींना काका घेऊन आले. त्यांनी चार माणसं लावून इम्पाला मातीतून काढली आणि ती चालवायला मिळाल्याच्या आनंदात आम्हाला थेट लक्ष्मीबाई नगरात आणून सोडलं, सगळ्या वाटेत ‘‘क्या मक्खन गड्डी है’’ म्हणत. बाबा मागे आई आणि आक्कांच्या मध्ये बसले होते. ब्लॉकमध्ये शिरताना कपूर आंटी बाहेरच होत्या. बाबांनी हात वर केला. स्टिअरिंगवर कोण आहे ते बघून त्यांचं तोंड उघडं राहिलं.

सोमवारी बाबांनी ऑफिसात स्वतःच सांगितलं. गोष्ट गोड झाली असं नाही. बोर्ड बसलं. वरचे साहेब भले होते, त्यांनी होता होईल तेवढं खेचलं, पण शेवटी नोकरी वेळेआधी संपली आणि क्वार्टर सोडावं लागलं. ज्या भीतीनं आम्ही तीन वर्षं जीव मुठीत धरून रविवार काढले ती खरी ठरलीच. मुनिरका गावात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, खाली मालकांच्या म्हशी, शेजारच्या खोलीत केरळची चार मुलं, जी रात्रंदिवस अभ्यास करत आणि भाताची पेज मागायला आईकडे येत. आम्ही जगलो. माणसं जगतात. त्या सतारीच्या मुलीचंही बरंच झालं असेल असं मला आता वाटतं.

क्वार्टर सुटेपर्यंतच्या मधल्या काळात आईनं काय केलं असेल, तर चाळिशीत गाडी शिकली. कॉलनीच्या मागच्या मैदानात, फ्लीटमास्टरवर. साडीचा पदर खोचून ती पायानं स्टार्टर दाबायची आणि गाडी खोकली की तिलाच म्हणायची, ‘‘कळलं, कळलं.’’ आक्का नगरहून दर पत्रात विचारत, सूनबाई कुठवर पोचली.

क्वार्टरची किल्ली दिली त्या दिवशी सामान टेम्पोनं पुढे गेलं आणि आम्ही गाडीतून निघालो. आई स्टिअरिंगवर. मी मागे, कुशीत पेरूचं एक रोप आणि पायाशी परात. डावीकडच्या जागेवर, माझ्या जागेवर, बाबा. ताडपत्री काढलेल्या त्या जुन्या आत्याबाईनं खोकून, कुरकुरून सगळ्या ब्लॉकला जाग आणली. कपूर आंटी रडत होत्या, आईनं त्यांना हात केला. मी सवयीनं डोळे फिरवू लागले, डावीकडे सायकल, उजवीकडे टांगा, आणि मग लक्षात आलं की आता ते माझं काम नाही. रिंग रोडवर वळताना एक बस भसकन जवळ आली. तिचा आवाज ऐकून बाबांचा हात पुढे झाला आणि त्यांनी आईच्या कोपराला बोट लावलं.

‘‘अहो, मला दिसतंय,’’ आई म्हणाली.

बाबांनी हात मागे घेतला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तिच्या कोपरावर ठेवला. रस्ता मोकळा होता, कुठूनही काही येत नव्हतं. मुनिरका येईपर्यंत तो हात तिथेच होता, आणि आई गुणगुणत होती.